एकच पोरगं सगळ्यांना भारी पडतंय? त्याला आवरू नका, खेळ नीट लावा

मागच्या उन्हाळी शिबिरातली शनिवारची मॅच. बारा ओव्हरमध्ये १०७ धावा, त्यातल्या ८८ एकट्या पोराच्या. मॅच संपल्यावर दुसऱ्या एका मुलाची आई स्कोअरबुक बघायला आली आणि म्हणाली, “सर, आमच्याने दोन तासांत चेंडूला हात किती वेळा लावला?” रात्री घरी बसून मोजलं. तीन वेळा. त्यातले दोन वेळा तर चेंडू सीमारेषेपलीकडून परत आणताना.

पुढच्या शनिवारी मी याहून मोठी चूक केली. त्या पोराला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, “आज जरा लवकर आउट हो.” पोरगं अकरा वर्षांचं, आज्ञाधारक. तिसऱ्या चेंडूला त्यानं बॅट बाजूला घेतली आणि मधला स्टंप जाऊ दिला. बोलर दोन उड्या मारून थांबला, आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपण विकेट घेतली की सरांनी दिली, हे त्याला कळलं होतं. त्या एका चेंडूत मी दोन पोरांचा खेळ घालवला.

बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक गोष्ट होते. पोराला मोकळं सोडतात, दाबून ठेवतात, किंवा पहिल्याच आठवड्यात उचलून वरच्या गटात टाकतात. वरच्या गटात टाकणं कधीकधी बरोबरही असतं, पण ती शेवटची पायरी आहे आणि आपण तिथूनच सुरुवात करतो. खालचा क्रम ८ ते १३ वयाच्या गटांसाठी आहे. उदाहरणं बहुतेक क्रिकेटची, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. चौघांना काहीही न करता दोन तास उन्हात उभं ठेवणारा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही.

तयारी: सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

गेल्या चार मॅचचं स्कोअरबुक. ते नसेल तर आधी चार मॅच नीट लिहून काढा, त्याशिवाय पुढे जाऊ नका. गटातल्या प्रत्येक मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत. भिंतीला चिकटवायची मोजपट्टी. शंभर पानी वही. आणि मुलांच्या घरच्यांशी बोलायला हंगाम सुरू होण्याआधीची एक संध्याकाळ, मधली नाही.

दाखल्यांचं आधीच सांगतो. एखादं पोर चमकलं की तिसऱ्या मॅचला मैदानाच्या कडेला कुजबूज सुरू होते: वय चोरलंय. त्यानंतर त्याच्या एकट्याच्या बापाकडे दाखला मागितला, तर तो आरोपच होतो. म्हणून प्रवेश घेतानाच सगळ्यांचे दाखले घ्या, सगळ्यांचे सारखेच तपासा. दाखल्यावर जन्मतारखेच्या बरोबरीनं नोंदणीची तारीखही असते, तीही बघा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते. चार-पाच वर्षांनी झालेली नोंद दिसली, तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागवून ताडून बघा. उशिरा नोंद म्हणजे लबाडी असं समजू नका. आपल्या आजोबांच्या पिढीत मास्तरांनी अर्ध्या गावाची जन्मतारीख १ जून लावली होती, आणि कुणी कुणाला फसवत नव्हतं.

पायरी १: आधी मोजा, मग मत बनवा

“तो सगळ्यांना खाऊन टाकतो” हे वाक्य वहीत लिहायचं नाही. आकडे लिहायचे. चार मॅचमधून प्रत्येक मुलासमोर चार रकाने करा: किती चेंडू खेळला, किती चेंडू टाकले, क्षेत्ररक्षणात चेंडू किती वेळा हातात आला, आणि किती वेळ नुसता उभा होता. शेवटचा रकाना अंदाजे चालेल.

यातून दोन वेगळी चित्रं निघतात आणि त्यांवरचे उपायही वेगळे. पहिल्यात एक पोर चांगलं खेळतं, बाकीच्यांनाही पुरेसं खेळायला मिळतं, फक्त निकाल एकतर्फी लागतो. इथे फार काही करायचं नाही. तिसऱ्या पायरीतली संघवाटणी बदलली की भागतं. दुसऱ्यात एकाच्या चांगल्या खेळामुळे बाकीच्यांचा खेळच बंद पडतो. माझ्या शिबिरात दुसरं होतं. सोळापैकी सहा मुलांना चार मॅच मिळून वीस चेंडूही खेळायला मिळाले नव्हते.

आता मैदान बघा. दहा वर्षांच्या मुलांना आपण पूर्ण २२ यार्डांच्या पिचवर मोठ्यांच्या चेंडूनं खेळवतो, मग बोलरांचा चेंडू पोचत नाही, दोन टप्पे पडून येतो, आणि ज्याच्या अंगात जोर आहे तो एकटाच राज्य करतो. हे कसब नाही, मापाचा घोळ आहे. ऑस्ट्रेलियात सगळ्यात लहान गटाला १६ मीटरचं पिच आणि सात-सात जणांचे संघ असतात, त्यावरच्या गटाला १८ मीटर आणि नऊ-नऊ जण. पूर्ण पिच २०.१२ मीटरचं. चेंडूचंही तसंच. मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, तेरा वर्षांखालच्यांचा १३३ ते १४४ ग्रॅमचा. पिच आखूड करा, चेंडू बदला आणि पुन्हा दोन मॅच मोजा. मी पिच १८ यार्डांवर आणलं आणि त्या पोराला पहिल्या दिवशी एका अशा मुलानं बोल्ड काढलं, ज्याचा चेंडू आधी विकेटकीपरपर्यंत घरंगळत जायचा.

तपासा: माप बदलल्यावरही एकाच मुलाच्या वाट्याला संघाचे तिसऱ्या हिश्शाहून जास्त चेंडू येत असतील, तरच पुढच्या पायरीवर जा. नसतील तर तुमचा प्रश्न सुटला, लेख इथेच ठेवून द्या.

पायरी २: तो पुढे का आहे, हे ओळखा

कारणं साधारण तीन असतात: वय आणि वाढ, सरावाचे तास, आणि खरंच असलेली जाण. तिन्हींची सरमिसळ असते, पण जड कोणतं ते शोधा.

आधी महिना बघा. क्रिकेट बोर्डाच्या वयोगटांचा हिशेब १ सप्टेंबरपासून चालतो, शालेय स्पर्धांचा १ जानेवारीपासून. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं पोर बोर्डाच्या गटात सगळ्यांत थोरलं आणि शाळेच्या गटात धाकट्यांपैकी. तेच पोर, तीच बॅट. एका संघात ‘हिरा’, दुसऱ्यात ‘ठीक आहे’. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. गटाच्या वहीत नावं जन्मतारखेच्या क्रमानं लिहा. तुमचे ‘गुणी’ खेळाडू वरच्या चार ओळींतच दाटलेले दिसले, तर तुम्ही गुण कमी आणि वय जास्त निवडताय.

मग उंची. दर तीन महिन्यांनी, सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला. मुलींची वाढ सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगानं होते, मुलांची चौदाव्या. पण ही सरासरी आहे. एखादं पोर दोन वर्षं आधीच तिथे पोचतं आणि गटात दादा वाटायला लागतं. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढ दिसली, तर वहीत खूण करा. यामुळेच अकरा-बारा वयाच्या मिश्र गटात एखादी मुलगी सगळ्या मुलांना भारी पडते. तेव्हा कुणाच्या तरी वडिलांच्या तोंडून “पोरीकडून आउट झालास” असं ऐकू आलं, तर तिथेच, त्याच क्षणी, सगळ्यांसमोर थांबवा. या एका बाबतीत नंतर एकांतात बोलून चालत नाही, कारण ते तिनं ऐकलेलं असतं.

सावधान: भरभर उंच होणाऱ्या मुलाची टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखायला लागतं. खेळ संपल्यावर तो लंगडतोय का, रोज बघा. जो जिंकून देतो त्यालाच आपण जास्त राबवतो. वेगवान गोलंदाजीसाठी इंग्लंडच्या बोर्डानं तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांना घातलेली मर्यादा वर्षानुवर्षं चालत आलेली आहे: एका दमात ५ ओव्हर, दिवसात १०. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नेटमधले चेंडूही यात धरा, कारण खांद्याला मॅच आणि नेट यातला फरक कळत नाही.

उरले सरावाचे तास. हे त्याच्या घरी विचारा. रोज दोन तास खासगी नेट असलेल्या आणि शनिवारीच बॅट हातात घेणाऱ्या मुलाची तुलना करून ‘टॅलेंट’ हा शब्द वापरण्यात अर्थ नाही.

पायरी ३: नियम हंगामाआधी लावा, सगळ्यांना लावा

इथे सगळ्यात जास्त गडबड होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

गल्लीतल्या पोरांना हे आपल्याआधी समजलेलं आहे. धाकट्या भावाला कच्चं लिंबू करतात, एक भिडू कमी पडला तर कुणीतरी दोन्हीकडून खेळतो, एक टप्पा आउट असतो, आणि जो लांब मारून चेंडू हरवतो तो स्वतः आणायला जातो. खेळ सगळ्यांना पुरावा म्हणून केलेली ही सोय. त्यात खुबी एकच: नियम डाव सुरू व्हायच्या आधी ठरतो आणि कुणाच्या नावाने नसतो.

आपण मोठी माणसं उलट करतो. पोरानं चाळीस केल्या की अंपायर म्हणतो, “बस, आता दुसऱ्याला दे.” त्याला ती शिक्षा वाटते. त्याच्या बापाला अन्याय वाटतो. आणि पुढे येणाऱ्या मुलाला कळतं की आपल्याला दया म्हणून पाठवलंय.

तीन सोयी सांगतो, यातली एक निवडा.

पहिली, निवृत्तीची मर्यादा. २५ धावा झाल्या की फलंदाज बाहेर येतो. बाकीचे सगळे खेळून झाले आणि ओव्हर उरल्या, तर परत जातो. सोपी आहे, पण एक खाच आहे: हुशार पोरं २४ वर येऊन षटकार मारतात आणि ३० वर निवृत्त होतात. होऊ द्या, डोकं वापरतायत.

दुसरी, जोडी क्रिकेट. मला हीच आवडते. संघात आठ जण, म्हणजे चार जोड्या. प्रत्येक जोडी ४ ओव्हर खेळते, आउट झालं तरी. आउट झाल्यावर पाच धावा वजा आणि दोघं टोकं बदलतात. एकूण १६ ओव्हर, प्रत्येकानं दोन टाकायच्या, आठ दुणे सोळा, हिशेब चोख बसतो. धावसंख्या उणे जाऊ नये म्हणून संघ २०० पासून सुरू करतो. वाइडला दोन धावा द्या आणि चेंडू पुन्हा टाकायला लावू नका, नाहीतर लहान पोरांची ओव्हर संपता संपत नाही. विकेटकीपर दोन ठेवा, आठ-आठ ओव्हरचे. दर ओव्हरला पॅड काढण्या-घालण्यात अर्धा तास जातो, हे मी स्वतः भोगलंय. या प्रकारात भारी पोराला १६ ओव्हर किंवा २ ओव्हर असा प्रश्नच उरत नाही. आणि त्याचा जोडीदार दर तीन चेंडूंना आउट होत असेल, तर पोरगं आपणहून “पळ, पळ, मी आहे” असं ओरडायला लागतं. हे मी सांगितलं नव्हतं. उणे पाचांनी शिकवलं.

तिसरी, दुसऱ्या खेळांसाठी. फुटबॉलमध्ये इंग्लंडच्या छोट्यांच्या सामन्यात चार गोलांचा फरक पडला की मागे पडलेल्या संघाला एक जादा खेळाडू उतरवता येतो. फरक भरला की तो बाहेर. कोल्हापूरच्या पेठेतल्या पोरांना हे सांगून बघा, आधी हसतील, मग स्वतःच मागतील. कबड्डीत सरावाच्या सामन्यात सातही जणांची चढाई झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा जायचं नाही. कबड्डीला एक गोष्ट आधीपासून बरी आहे: किशोर गटाला वयाबरोबर वजनाचीही मर्यादा आहे, त्यामुळे नुसत्या अंगाच्या जोरावर कुणी फार पुढे जात नाही. क्रिकेटला असा काटा नाही, म्हणून तिथे नियम आपणच करायचे.

संघवाटणी. दोन कॅप्टन उभे करून भिडू मागायला लावू नका. शेवटी उरलेलं पोर ते वर्षानुवर्षं विसरत नाही. त्याऐवजी भाऊबंदकीतला जुना उपाय: एकानं वाटणी करायची, दुसऱ्यानं उचलायची. एक कॅप्टन दोन संघ पाडतो, दुसरा त्यातला हवा तो घेतो. भारी पोराच्या बाजूला कुणाला टाकायचं, याचा विचार पहिला कॅप्टन किती बारकाईनं करतो, ते एकदा ऐकाच. आमच्याकडे एका दहा वर्षांच्यानं “त्याच्याकडे विकेटकीपर नको देऊ, तो आमच्याकडे, मग बरोबरी होते” असं बोटं मोजत ठरवलं होतं.

सावधान: एकदा लावलेला नियम मॅचच्या मध्ये बदलू नका, चुकीचा वाटला तरी. पुढच्या शनिवारी बदला.

तपासा: नियमाचा कागद वाचल्यावर तो कुणासाठी केलाय हे अनोळखी माणसाला ओळखता येतंय का? येत असेल तर कागद पुन्हा लिहा.

पायरी ४: त्याचं काम अवघड करा, खेळ कमी करू नका

नियमानं बाकीच्यांची सोय झाली. आता त्या पोराची. त्याला कंटाळा आला की तो आळशी फटके मारतो, मग त्याची वाढ थांबते, आणि त्याच्या घरचे म्हणतात ते खरं होतं: इथे वाया चाललाय.

मॅचआधी त्याला बाजूला घ्या आणि एकच काम द्या, तुमच्या दोघांत राहील असं. आज चेंडू हवेत जाता कामा नये. आज फक्त ऑफ साइडला. आज दर ओव्हरला निदान तीन एकेरी. बोलिंगला: आज वेग बंद, फक्त लेगस्पिन, किंवा सहापैकी चार चेंडू यॉर्कर. मॅचनंतर धावा विचारू नका, कामाचं विचारा. “हवेत किती गेले?” “दोन.” “कुठले?” तो सांगतो, चेंडूसकट सांगतो. अशी पोरं चेंडू विसरत नाहीत.

काय देऊ नये: डाव्या हाताने खेळ, डोळा बांधून टाक, एका पायावर पळ. समोरच्या मुलांना ते दिसतं, आणि “तुमच्याशी मी डाव्या हाताने” हा अपमान त्या पोरानं केल्यासारखा होतो, जरी सांगितलं तुम्ही असलं तरी. माझ्या “आउट हो”चा तोच प्रकार होता.

दुसरी चूक फार सज्जनपणे केली जाते: त्याला छोटा मास्तर करून टाकणं. “तुला येतंय ना, मग ह्यांना शिकव.” थोडं चालतं. पण त्याची फी सहायक प्रशिक्षक म्हणून भरलेली नाही. सरावाच्या वेळेचा चौथा हिस्सा ही माझी वरची मर्यादा. दोन तासांत अर्धा तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही.

सरावात मात्र त्याला मोठ्यांबरोबर सोडा. आठवड्यात दोन दिवस वरच्या गटाच्या नेटमध्ये, शनिवारी मॅच आपल्या वयाच्यांत. बहुतेक मुलांचं एवढ्यावर भागतं. तिथे तो बोल्ड होतो, इथे कॅप्टन होतो, दोन्हीची गरज असते.

पायरी ५: बोला, पण याच क्रमानं

आधी मुलाशी, एकट्याशी. मग त्याच्या घरच्यांशी. मग सगळ्यांशी. क्रम उलटा झाला, तर पोराला बातमी दुसऱ्याच्या तोंडून कळते.

मुलाशी बोलताना त्याच्या चांगल्या खेळण्याबद्दल दिलगिरी व्यक्त करायला लावू नका. “तू चांगला खेळतोस, त्यात चूक काही नाही. मॅच सगळ्यांना खेळायला मिळेल अशी लावणं हे माझं काम, मी ते नीट केलं नव्हतं.” एवढं पुरे. एक गोष्ट मात्र त्याच्याकडून घ्यायची: आउट केल्यावर बॅट्समनकडे बघून नाचायचं नाही, आणि सोडलेल्या कॅचवर हात झटकायचे नाहीत. मी त्याला ‘खिलाडूवृत्ती’ वगैरे म्हणत बसलो नाही. हात कसे झटकतोस ते करून दाखवलं, तो हसला, विषय संपला.

वडील येतात तेव्हा वाक्य ठरलेलं असतं. “सर, त्याला वरच्या गटात टाका, इथे त्याला कॉम्पिटिशनच नाही.” उत्तरात वही उघडा. “भाऊ, हे बघा. गेल्या तीन महिन्यांत त्याची उंची अडीच सेंटिमीटर वाढलीय. सप्टेंबरचा जन्म. नेटमध्ये मोठ्यांच्या चेंडूवर बॅकफूटला अजून उशीर होतो. सहा आठवडे दोन दिवस तिकडे खेळू दे, मग तुम्ही-मी दोघं मिळून आकडे बघू.” तारीख द्या. तारीख दिली की बाप शांत होतो. “बघू” म्हटलं की दर शनिवारी येतो.

बाकीच्यांच्या सभेत त्या मुलाचं नाव काढू नका आणि कुणाला काढू देऊ नका. नियमाचा कागद वाचा, प्रत्येकाला किमान किती चेंडू मिळणार तो आकडा सांगा, खाली उतरा. कुणीतरी म्हणेलच, “मग जिंकायचं नाही का?” जिंकायचंच आहे. धावफलक असतो, निकाल लागतो, हरलेली पोरं रडतातही. जोडी क्रिकेटमध्ये आमच्या मॅच शेवटच्या ओव्हरपर्यंत जायला लागल्या. आधी त्या चौथ्या ओव्हरलाच संपलेल्या असायच्या.

पायरी ६: मॅच हाताबाहेर गेली तर

दुसऱ्या क्लबशी किंवा शाळेशी मॅच असली की तुमचे नियम चालत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला १६ वर्षांखालच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेनं नाबाद १००९ केल्या. संघाचा डाव घोषित झाला तेव्हा फलकावर ३ बाद १४६५ होते. समोरचा संघ पहिल्या डावात ३१ वर गेला होता आणि दुसऱ्यात ५२ करून संपला. पोरानं समोर आलेला चेंडू मारला, ते त्याचं कामच. पण डाव कधी सोडायचा, हे पंधरा वर्षांच्या खेळाडूवर टाकू नये. ते मैदानाबाहेरच्या माणसांनी आधी ठरवून ठेवायचं असतं.

म्हणून टॉसच्या आधी समोरच्या प्रशिक्षकाशी दोन मिनिटं बोला. आधीच आकडा ठरवा: एवढ्या धावा पुढे गेलो की डाव सोडणार. मॅच चालू असताना ही क्रमवारी ठेवा. आधी फलंदाजीचा क्रम उलटा करा. मग ज्यांनी कधी टाकली नाही त्यांना ओव्हर द्या. मग डाव सोडा. उरलेला वेळ मिळून सराव करायची समोरच्यांची तयारी असेल, तर संघ मिसळून दहा ओव्हर खेळा. मुद्दाम कॅच सोडणं, सोपे चेंडू टाकणं यातलं काहीही नको. हरणाऱ्या मुलांना खोटा चेंडू लांबून ओळखता येतो.

पायरी ७: वरचा गट, आणि परतीचा रस्ता

सहा आठवडे झाले, तारीख आली. आता या तीन गोष्टी बघा, तिन्ही लागतात. नेटमध्ये मोठ्या मुलांच्या वेगाला तो घाबरून मागे सरकत नाही. त्याचं पुढे असणं नुसत्या उंचीवर उभं नाही, म्हणजे त्याच्याएवढ्या उंचीच्या मुलांतही तो बरा खेळतो. आणि त्याला स्वतःला जायचंय. हे घरच्यांसमोर विचारू नका. डबा खाताना विचारा.

लेदर बॉल असेल तर हेल्मेट, गार्ड आणि मापाची बॅट याशिवाय एकही चेंडू नाही. मोठ्या भावाची बॅट आणतात आणि मनगट दुखवून घेतात. बॅटचा दांडा मांडीच्या वरच्या टोकाशी यायला हवा, त्याहून वर नाही.

पहिले तीन आठवडे प्रयोग म्हणून पाठवा, आणि ‘प्रयोग’ हा शब्द सगळ्यांसमोर वापरा. मग परत येणं म्हणजे नापास होणं राहत नाही. तिकडेही तोच चार रकान्यांचा हिशेब ठेवा. अकराव्या नंबरवर बसून एकही ओव्हर न टाकता तो तीन शनिवार काढत असेल, तर तो वरच्या गटात नाही, बाकावर आहे. परत आणा. अधिकृत स्पर्धेत एका गटातून दुसऱ्या गटात खेळण्याचे नियम खेळानुसार वेगळे असतात. नाव देण्याआधी त्या वर्षीचं परिपत्रक जिल्हा क्रीडा कार्यालयातून किंवा संघटनेकडून घेऊन वाचा, कुणाच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

सावधान: त्याचे मित्र खालच्या गटात असतील, तर आठवड्यातला एक सराव त्यांच्यासोबत ठेवाच. आमचा एक मुलगा वर गेला आणि दोन महिन्यांत खेळणंच सोडून दिलं. खेळ अवघड झाला म्हणून नाही. घरी जाताना सायकलवर सोबत कुणी उरलं नाही म्हणून.

पायरी ८: नियम कधी काढायचे

तेराच्या पुढे जिल्ह्याच्या निवड चाचण्या येतात. तिथे लांब डाव खेळता येतो का, हेच बघतात, आणि वर्षानुवर्षं २५ वर बाहेर यायची सवय लागलेलं पोर ४० ला दमून जातं. म्हणून मर्यादा टप्प्याटप्प्यानं वाढवा: एक हंगाम २५, पुढचा ४०, मग मोकळं. जोडी क्रिकेट बारा वर्षांपर्यंत. त्यानंतर पोरांनाच ते बाळबोध वाटायला लागतं, आणि त्यांचं बरोबर असतं.

दर सहा आठवड्यांनी तोच रकाना पुन्हा भरा. गटातल्या सगळ्यात कमी खेळलेल्या मुलाचं नाव शोधा आणि त्याला चार मॅचमध्ये किती चेंडू मिळाले ते बघा. गटाचा हिशेब त्याच्यापासून सुरू करा, वरच्या नावापासून नाही. आमच्या गटात तो आकडा वीसच्या आतून ४८ वर आला होता. ज्या मुलाच्या आईनं स्कोअरबुक मागितलं होतं, तो त्यातलाच. एका शनिवारी त्याची आणि त्या भारी पोराची जोडी पडली. दोघांनी मिळून ३१ केल्या, उणे दहा, म्हणजे २१. घरी जाताना तो आईला सांगत होता की उणे दहातले पाच त्याचे नव्हते.